हुशारी आणि अभ्यास
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु परीक्षेत मागे राहिलेली मुले मंडपात फारशी दिसत नाहीत. त्यांचीही काळजी वाहणे हे मंडळाचे कर्तव्य होय. म्हणून चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

‘त्याला गणिताचे डोकेच नाही’, ‘ती जात्याच हुशार’, असे घरोघर सहज बोलले जाते. दोन्ही बोलांच्या मुळाशी एकच समजूत आहे; ती ही की, बुद्धी जन्मतः मोजून मिळते व तीत पुढे भर पडत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहेत. पाचवीच्या मुलांना त्यांनी कोडी घातली. ती सुटल्यावर काहींची बुद्धी वाखाणली, काहींचे परिश्रम. मग सर्वांस फार अवघड कोडी दिली व शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच. बुद्धीची स्तुती ऐकलेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली. परिश्रमांची स्तुती ऐकलेली पुढे गेली. अपयश येताच पहिल्यांस आपली बुद्धीच उणी वाटली. दुसऱ्यांस केवळ प्रयत्न कमी पडल्यासारखे वाटले.

मात्र नुसत्या उपदेशाने फारसे साधत नाही. बुद्धी वाढू शकते, हा पाठ तेथील हजारो विद्यार्थ्यांस देऊन पाहिला. त्याचे फळ २०१९ साली प्रसिद्ध झाले. कच्च्या विद्यार्थ्यांस लाभ झाला, पण तो अल्प. मनोधारणेस योग्य अभ्यासाची जोड हवी.

तोच धडा दहादा डोळ्यांखालून घालणे म्हणजे अभ्यास नव्हे. अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वोत्तम विद्यार्थी आठवड्यास सुमारे २४ तास एकट्याने सराव करीत. संगीतशिक्षक होऊ पाहणारे सुमारे ९ तास. एरिक्सन यांच्या मते खरा सराव म्हणजे जे साधत नाही तेच निवडून, एकाग्र चित्ताने व गुरूच्या सूचनेनुसार ते सुधारणे. आपल्याकडील गवई न साधलेली तान संथ लयीत घोटतो, ते हेच होय. सरावाने सारे सारखे होतील असे आमचे म्हणणे नाही. कालच्याहून आज पुढे जाता येते, एवढेच.

म्हणून मंडळास दोन विनंत्या आहेत. पुढील वर्षी, गतवर्षीपेक्षा सर्वाधिक प्रगती करणाऱ्या विद्यार्थ्यासही पारितोषिक असावे. तसेच ज्ञातीतील निवृत्त शिक्षकांनी दर रविवारी मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसावे व प्रत्येकाची वारंवार होणारी एक चूक शोधून द्यावी. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘कोठे अडले?’ असे विचारावे. यास खर्च थोडा, चिकाटी मात्र पुष्कळ लागेल.