पाण्यावाचून जगणारा मासा



पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु पाण्याखालीच कोंडून ठेवल्यास गुदमरून मरणारा मासाही या सृष्टीत आहे. आफ्रिका खंडातील नद्या, सरोवरे व दलदली हे त्याचे निवासस्थान होय. मराठीत त्यास ‘फुप्फुसमीन’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘प्रोटॉप्टेरस’. त्याच्या चार जाती आहेत.

याचे शरीर वामीसारखे लांबट आणि पर दोऱ्यासारखे बारीक असतात. व्हिक्टोरिया सरोवरात आढळणारी जात सुमारे २ मीटरपर्यंत वाढते. याचे कल्ले दुबळे असल्याने ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन त्यास हवा घ्यावी लागते. आपल्याकडील मरळ आणि मागूर हे मासेही हवा घेतात. परंतु त्यांची ती सोय कल्ल्यांजवळील पोकळीत असते. फुप्फुसमीनाला मात्र खरीखुरी फुप्फुसे असतात. म्हणूनच १८३७ साली त्याच्या दक्षिण अमेरिकेतील भाईबंदाचे वर्णन प्रथम सरपटणारा प्राणी म्हणून झाले. १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी आफ्रिकेतील जातीचे वर्णन करताना तो मासाच असल्याचे मत मांडले.

त्याचे खरे सामर्थ्य दिसते ते उन्हाळ्यात. दलदल आटू लागली की पश्चिम आफ्रिकेतील फुप्फुसमीन तोंडाने चिखल उकरीत खाली जातो, बिळात वळून तोंड वर करतो आणि शेपटी डोक्यावरून घेऊन मुटकुळे करून बसतो. अंगातून स्रवणारा चिकट द्रव वाळून त्याच्याभोवती कोश तयार होतो. श्वासासाठी तोंडाशी तेवढे एक छिद्र राहते. हृदयाची गती मंदावते आणि स्वतःच्या स्नायूंवर त्याची गुजराण चालते. एरव्ही मासे शरीरातील विषारी अमोनिया पाण्यात सोडून देतात. येथे पाणीच नसल्याने हा मासा त्याचे युरियात रूपांतर करून ते साठवून ठेवतो. प्रयोगशाळेत अशा अवस्थेत तो सुमारे ४ वर्षे जगल्याची नोंद आहे. हा कोश म्हणजे निव्वळ वाळलेले आवरण नसून त्यात जंतूंना अडविणाऱ्या जिवंत पेशी असतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. पाऊस येऊन माती भिजली, की हा जीव पुन्हा पोहू लागतो.

युगांडातील बगांडा लोकांत या माशाच्या नावाचे ‘मांबा’ हे कुळ आहे. तो त्या कुळाचे प्रतीक असल्यामुळे कुळातील लोक परंपरेने त्याचे मांस खात नाहीत. इतरत्र मात्र सुकलेल्या दलदलीत कुदळीने खणून तो काढला जातो व खाल्ला जातो.

या माशांचे घराणे सुमारे ४० कोटी वर्षांचे जुने आहे. एकेकाळी ते आपल्या भूमीवरही नांदत होते. तेलंगणात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील मालेरी येथे, त्यांचे २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे दात खडकांत सापडले. त्यांतील एका जातीस नागपूरचे मिशनरी व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. आज या घराण्याचे वंशज केवळ आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे उरले आहेत.

मित्रहो, दुष्काळ सोसण्याची ही विद्या दलदल पुन्हा भरेल या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या दलदली शेतीसाठी कोरड्या करण्यात आल्या, मासेमारीही वाढली. परिणामी तेथे हा मासा कमी झाला. जो अवर्षणाला पुरून उरला, त्याला बुजविलेल्या पाणथळीपुढे उपाय नाही.

आपल्या गावतळ्याचा चिखल आटला, म्हणजे ती जागा निकामी झाली असे आपण समजतो. वास्तविक त्याच चिखलात बेडूक, खेकडे व गोगलगायी पावसाची वाट पाहत असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात अशा तळ्याकाठी अवश्य न्यावे. ग्रामस्थांनी व अधिकाऱ्यांनीही तळे बुजविण्याचा ठराव करण्यापूर्वी एक पावसाळा तेथे काय काय वर येते ते पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.