जुना संगणक आणि नवी चौकट



जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या एखाद्या घरीं थोरल्या भावाचा विंडोज ७ वर चालणारा संगणक असतो, आणि धाकट्यास त्यावर संकेतस्थळें रचण्याची विद्या शिकावयाची असते. पुस्तकांत पाहून तो जँगो ५ ही तयार चौकट बसवूं लागतो. 'जुळणारी आवृत्ति सांपडली नाहीं,' एवढेंच इंग्रजींत उत्तर येतें. मुलगा आधीं इंटरनेटास दोष देतो, मग स्वतःच्या बुद्धीस.

दोन्ही बहुधा निर्दोष असतात. वरची ओळ कोणी वाचीत नाहीं. खरें कारण पुष्कळदां तेथेंच असतें. जँगो पायथॉन भाषेवर उभी आहे. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढें जातां येत नाहीं, आणि जँगो ५ ला निदान ३.१० लागते. तेव्हां जँगो ४.२ मागावी. शिकण्यापुरती ती पुरेशी आहे; लोकांसाठीं संकेतस्थळ चालवावयाचें तर नवा संगणकच हवा, कारण पायथॉन ३.८ ची डागडुजी २०२४ सालीं थांबली.

गांवांत नेट टिकत नसेल, तर जेथें टिकतें तेथें 'पिप डाउनलोड' या आज्ञेनें जँगो व तिचे सोबती पेनड्राइव्हवर घ्यावेत. त्या संगणकावरही पायथॉन ३.८ च असावी. घरीं बसवितांना 'नो-इंडेक्स' लिहून 'फाइंड-लिंक्स' पुढें फोल्डरचा पत्ता द्यावा, म्हणजे संगणक बाहेर शोधीत बसत नाहीं.