शिधापत्रिका : रंग पाहू नका, शिक्का पाहा

(निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे येथे शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्याने दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग आहे.)



कृषिविद्येचा माणूस म्हटला की बियाणे, खत आणि आंतरमशागत यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मात्र मी शिधापत्रिकेवर, म्हणजे आपल्या रेशनकार्डावर बोलणार आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या खरिपात बाजरीच्या प्रात्यक्षिकासाठी मी एका वाडीवर गेलो होतो. बियाण्याला जिवाणू संवर्धक कसे चोळायचे हे सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका भगिनीने विचारले, "सर, पेरायचं काय ते समजलं. पण पीक हाती येईपर्यंत खायचं काय?" चौकशी केली तेव्हा कळले की दोन एकर जिरायत जमीन, पतीचे निधन झालेले आणि पदरात तीन मुले. घरात केशरी कार्ड होते, परंतु त्यावर धान्य मिळत नव्हते. कार्डावर पहिले नाव दहा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचे होते. त्याच कार्डात दोन दिरांची कुटुंबे होती आणि त्यांतील एकाकडे ट्रॅक्टर व चारचाकी होती. चुली तीन, कार्ड मात्र एकच. कागदावर ती बाई गरीब नव्हतीच. आजचे व्याख्यान या एका कार्डाभोवती आहे.

मिलो आणि सुकडीचे दिवस

आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायला गेलेल्या हातांना सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. जो कामावर आला त्याला काम, असा तो हिशेब होता. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आज धान्य मिळते ते कायद्याने. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. म्हणजे रेशनचे धान्य हा कोणाचा उपकार नाही, तो हक्क आहे. पण हा हक्क यादीत नाव असणाऱ्याला मिळतो. म्हणून नाव यादीत कसे बसते आणि कशामुळे बसत नाही, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

किती धान्य मिळते?

या कायद्यात दोनच गट आहेत.

१) अंत्योदय कुटुंब : दरमहा प्रत्येक कार्डास ३५ किलो धान्य, माणसे कितीही असोत. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, निराधार विधवा, अपंग, आधार नसलेले वृद्ध अशा अतिगरीब कुटुंबांसाठी ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली.

२) प्राधान्य कुटुंब : दरमहा माणशी ५ किलो धान्य. पाच माणसांना २५ किलो, आठ माणसांना ४० किलो.

पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहणार आहे. गहू किती व तांदूळ किती हे प्रमाण शासनाच्या आदेशानुसार बदलते, एकूण वजन मात्र तेच राहते.

आता शेतकऱ्याच्या मापाने पाहू. पाच माणसांच्या घरात महिन्याला २५ किलो म्हणजे वर्षाला तीन क्विंटल धान्य येते. आपल्या हलक्या माळावर मध्यम पावसाच्या वर्षी जिरायत बाजरीचे एकरी तीन-चार क्विंटल उत्पादन हाती लागते. म्हणजे यादीत नाव असणे हे एक एकर बाजरी पिकल्यासारखेच आहे. असे असताना कागदाअभावी हे पीक दरवर्षी घालवणे परवडणारे नाही.

रंग आणि शिक्का

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज रंगाचा आहे. पिवळे, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांची कार्डे १ मे १९९९ पासून आली. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाखापुढे शुभ्र, असे ते वर्गीकरण होते. शेतजमिनीचीही अट होती. बारमाही बागायत चार हेक्टर किंवा अधिक असेल, अथवा घरात चारचाकी असेल, तर केशरी कार्ड मिळत नसे. चारचाकीच्या अटीतून टॅक्सीचालक वगळलेले होते.

अन्न सुरक्षा कायदा आल्यावर २०१४ मध्ये पिवळी कार्डे यादीत आली. केशरी कार्डांपैकी मात्र निवडकच कुटुंबे घेतली गेली. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४ हजार रुपयांपर्यंत व शहरी भागात ५९ हजार रुपयांपर्यंत अशी मर्यादा २०१३ मध्ये ठरविण्यात आली. अशा कार्डांवर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का मारला गेला. म्हणून दोन शेजाऱ्यांकडे एकाच रंगाची कार्डे असूनही एकाला धान्य मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. घरी गेल्यावर कार्ड काढा आणि आधी शिक्का पाहा.

आणखी एक खुलासा करतो. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून वेगळी सवलत होती आणि २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्यात आली. पाहुण्यांकडून ऐकून आपले लोकही ती मागतात. पुणे जिल्हा त्या १४ जिल्ह्यांत नाही. त्या वाटेने खेटे घालू नयेत.

अर्जाआधी कार्ड दुरुस्त करा

आपण शेतात पेरणीआधी पाळी घालतो. तसेच अर्जाआधी कार्ड साफ करावे लागते.

अ) चूल वेगळी असेल तर कार्ड वेगळे करा. कार्ड एक असेपर्यंत सर्वांचे उत्पन्न एकत्र धरले जाते. विभक्त होताना जुन्या कार्डातून नावे कमी करण्यासाठी नमुना ९ आणि नव्या कार्डासाठी नमुना १ भरावा लागतो.

आ) मयतांची नावे मृत्यूचा दाखला जोडून कमी करा. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरी कमी करून सासरी चढवा. नवीन बाळाचे नाव जन्मदाखल्यासह नमुना ८ भरून लावा. बाळाचे नाव नसेल तर त्याचे महिन्याचे पाच किलो जातात.

इ) कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख असते. कार्डावर तिचे नाव प्रथम आहे ना, हे पाहावे.

ई) प्रत्येक माणसाचे आधार जोडलेले असावे आणि ई-केवायसी झालेली असावी. हे काम दुकानातील पॉस यंत्रावर अंगठा देऊन होते. बाहेरगावी असलेल्या माणसाला ते तेथील दुकानातही करता येते.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांकडून मिळतो आणि त्याला आधार असतो तलाठ्याच्या अहवालाचा. २०२४ पासून या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. येथे माझ्या विषयाचा संबंध येतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद खरी नसेल तर उत्पन्नाचा अंदाजही खरा येत नाही. विहीर आटून चार वर्षे झाली तरी नोंद उसाची चालू राहिली, तर कागदावर आपण बागायतदारच. म्हणून दर हंगामात ई-पीक पाहणी स्वतः करा आणि जे पेरले तेच नोंदवा.

४४ हजारांची मर्यादा तोकडी आहे, हे मान्य करावे लागेल. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एका माणसाने १४१ दिवस काम केले की ४४ हजार होतात. तरीही खोटा दाखला काढू नये. पुढे तपासणीत नाव जाते आणि खरोखर गरजू असलेल्याच्या अर्जावरही संशय येतो.

ही कागदपत्रे, रहिवासाचा पुरावा आणि हमीपत्र जोडून अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यावा किंवा अन्न, नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावर भरावा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

इष्टांक म्हणजे काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. त्या भगिनीने हे सर्व केले. कार्ड वेगळे झाले, दाखला ३८ हजारांचा मिळाला, अर्जाची पोचही आहे. तरीही तिचे नाव अजून यादीत बसलेले नाही. तिला मिळालेले उत्तर होते, "इष्टांक शिल्लक नाही."

इष्टांक म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. कायद्याने राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना धान्य मिळते. राज्यात ही संख्या सुमारे ७ कोटी होते. पण ती मोजली आहे २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर माणसे वाढली, घरे फुटली, पण संख्या वाढली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. तिचे आकडे येईपर्यंत नव्या नावाला जागा मिळते ती जुने नाव निघाले तरच.

एसटीच्या गाडीत सगळ्या जागा भरलेल्या असतात तसेच हे आहे. कोणी उतरले तर दुसऱ्याला बसता येते. काही जागांवर तर माणूसही नसतो, नुसता रुमाल टाकलेला असतो. मयताचे नाव, सासरी गेलेल्या मुलीचे नाव, पुण्यात नोकरीला लागून तेथेच स्थायिक झालेल्या भावाचे नाव, हे ते रुमाल होत.

आपल्या तालुक्यात कालव्याखालचा ऊस आणि माळावरची बाजरी शेजारी शेजारी आहेत. २०१४ मध्ये ज्याची जमीन जिरायत होती त्याच्याकडे आज पाइपलाइन आली असेल, मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कायम झाला असेल. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्का मात्र जुनाच चालू राहतो. अशा बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे, धान्याचा हक्क लेखी अर्ज देऊन सोडा. धान्य सोडल्याने कार्ड रद्द होत नाही, फक्त शिक्क्याचा लाभ थांबतो. "दवाखान्याला कार्ड लागेल" ही भीतीही नको. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली केलेली आहे.

गावाने एक काम करावे. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचून घ्यावी. कोणाला चोर ठरविण्यासाठी नव्हे, तर रुमाल उचलण्यासाठी. गावातील दक्षता समितीने हे मनावर घेतले तर बरेच काम गावातच होते.

दुकानावर अडचण आल्यास

पॉस यंत्राची पावती मागून घ्या आणि वजन पावतीशी ताडून पाहा. खुरपणी करून म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्याच्या रेषा झिजतात, यंत्र अंगठा घेत नाही. एवढ्यावरून धान्य नाकारू नये, अशा केंद्र शासनाच्या ऑक्टोबर २०१७ च्या सूचना आहेत. मोबाईलवरील ओटीपी, डोळ्यांच्या बुबुळांची ओळख यांसारखे पर्याय आहेत, ते मागावेत. आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांनाही सांगा की 'एक देश एक रेशनकार्ड' व्यवस्थेमुळे त्यांचे धान्य त्यांना इथल्या दुकानातही उचलता येते.

तक्रार प्रथम तहसील कार्यालयात, नंतर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी राज्य अन्न आयोगाकडे करता येते. दूरध्वनी क्रमांक १९६७ आहे. तक्रार शक्यतो लेखीच करावी.

जाता जाता माझ्या विषयाचे एक वाक्य. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ मिळत नाही. धान्याची चिंता मिटली म्हणून कडधान्य सोडू नका. बाजरीत दोन ओळींनंतर एक ओळ तुरीची घेतलीत तर मुलांच्या ताटात वरणही येईल.

त्या भगिनीचा अर्ज अजून पुरवठा शाखेत आहे. चार माणसांचे महिन्याला वीस किलो, एवढाच तो प्रश्न आहे. चार रुमाल उचलले की तो सुटतो. आज घरी गेल्यावर आपापले कार्ड उघडून त्यावरची नावे एकदा मोठ्याने वाचा. जे नाव घेतल्यावर घरातून ओ येत नाही, ते कमी करण्याचा अर्ज या आठवड्यात द्या, एवढे मागून मी आपली रजा घेतो.