अंतरपाट एकदाच खाली येतो

रेडिओवर फोटोग्राफीविषयी बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. तुम्हाला एकही फोटो दाखवता येणार नाही. पण आजचा विषय नीट न दिसणाऱ्या फोटोंचाच आहे, म्हणजे धूसर आलेल्या फोटोंचा. त्यामुळे चालून जाईल.

मी भातसानगरला राहतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा धरणाजवळची ही वसाहत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली लग्नं, साखरपुडे, बारशी यांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. या कामात गळ्यात दिवसभर एकच लेन्स असते. २४ ते ७० मिलिमीटरची आणि २.८ ॲपर्चरची. तिला आम्ही स्टँडर्ड झूम म्हणतो. २४ वर अख्खा मांडव मावतो, ७० वर नवरीचा चेहरा. २.८ म्हणजे लेन्सचं तोंड मोठं, अंधाऱ्या मांडवातही उजेड बऱ्यापैकी आत घेणारं. तीन लेन्सचं काम एकटी करते. किंमतही तशीच असते. आमच्यासारख्या माणसाची वर्षभराची बचत तिच्यात जाते.

२००९ च्या मे महिन्यातली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात लग्न होतं. नवऱ्या मुलाची आजी फोटोला कधी उभी राहत नसे. त्या दिवशी नातवाने हाताला धरून तिला ग्रुप फोटोत आणून बसवलं. मी फोटो काढला. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर तो छान दिसला. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर सगळे चेहरे धूसर. एकाचीही पापणी ओळखू येईना.

मी सरळ लेन्सला दोष दिला. मुंबईला जाऊन दुरुस्तीला टाकली. पंधरा दिवसांनी निरोप आला की लेन्समध्ये काही दोष नाही. मला तेव्हा ते पटलं नाही. मग एके रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काड्यापेट्या मांडून बसलो आणि दहा मिनिटांत कळलं. चूक माझी होती.

काय चूक होती ते सांगतो. मी आधी व्हिडिओ शूटिंग करायचो. तिथली सवय अशी की, झूम पूर्ण जवळ आणायचा, चेहऱ्यावर फोकस करायचा, तो तसाच धरून ठेवायचा आणि मग झूम मागे घेऊन चित्र रुंद करायचं. व्हिडिओच्या आणि सिनेमाच्या लेन्स मुळात अशा बनवलेल्या असतात की झूम फिरवला तरी फोकस जागेवर राहतो. फोटोच्या झूम लेन्स बहुधा तशा नसतात. झूम फिरला की फोकसही थोडा सरकतो. त्यात लेन्सचा दोष नाही, ती तशीच घडवलेली असते. मी ७० वर फोकस करून ३५ वर फोटो काढला होता. ३५ वर पुन्हा फोकस करायला एक सेकंद लागला असता.

या लेन्सच्या पोटात किती काम चाललेलं असतं, ते आपल्या लक्षात येत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या फोटो कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम १९५९ साली आलं. त्याचं नाव झूमार. अमेरिकेत फ्रँक बॅक यांनी त्याची आखणी केली आणि जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीने ते विकलं. ३६ ते ८२ मिलिमीटर, आणि तेव्हाही २.८ च. तरी पुढची कित्येक वर्षं व्यावसायिक मंडळी झूमला नाकं मुरडत राहिली. कॅननचं २८-७० हे १९९३ मध्ये आलं, २४-७० हे २००२ मध्ये, निकॉनचं २४-७० हे २००७ मध्ये. निकॉनच्या त्या लेन्समध्ये काचेची १५ भिंगं होती. झूम फिरवला की यातले काही गट पुढेमागे सरकतात आणि प्रत्येक जागी त्यांनी एका रेषेत राहायचं असतं. एखादं भिंग केसभर कललं तरी चित्राची एक बाजू पडते.

आता थोडं गणित. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्स ७० वर, ॲपर्चर २.८ आणि माणूस २ मीटरवर. अशा वेळी चित्रात जेवढा भाग स्पष्ट दिसतो त्याची खोली साधारण १४ सेंटिमीटर असते. एक मीटरवर गेलात तर उरतात फक्त साडेतीन सेंटिमीटर. नवरीच्या कपाळावरून मुंडावळ्या लोंबत असतात. त्यांचे मणी चमकतात, कॅमेऱ्याचा फोकस नेमका त्यांनाच धरतो आणि मागचे डोळे धूसर होतात. मणी मात्र असे स्पष्ट की मोजून घ्यावेत! तेव्हा जवळून फोटो घेताना फोकसचा ठिपका डोळ्यावरच ठेवायचा आणि शक्य असेल तर ॲपर्चर ४ किंवा ५.६ करायचं.

फोटो धूसर आला की गुन्हेगार तिघांपैकी एक असतो. आपला हात, कॅमेरा आणि लेन्स यांची जुळणी, किंवा खुद्द लेन्स. कोण आहे हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नये.

पहिली तपासणी फुकट आहे. फोटो मोठा करून पाहा. नवरी धूसर, पण तिच्या मागची करवली स्पष्ट, असं असेल तर लेन्स चांगली आहे, फोकस चुकीच्या जागी पडला. फोटोत कुठेच काही स्पष्ट नसेल आणि दिव्यांचे ठिपके लांबट होऊन रेघा झाल्या असतील तर हात हलला. शटरचा वेग वाढवा. रेघाही नाहीत आणि सगळ्या चित्रावर दुधाची साय धरल्यासारखी दिसते, तर लेन्समधून टॉर्च मारून पाहा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातले कपडे दमट होतात, तिथे लेन्सची काय कथा. आत बुरशीचे धागे दिसले तर फोकसला दोष देऊन उपयोग नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढा खर्च जूनच्या आधी करावा.

दुसरी तपासणी काड्यापेट्यांची. तीन काड्यापेट्या एकीमागे एक, पण थोड्या बाजूला सरकवून मांडा. दोघींमध्ये चार बोटांचं अंतर. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन मीटर लांब, लेन्स ७० वर, ॲपर्चर २.८. फोकस मधल्या पेटीवर करून फोटो काढा. मग फोकसची रिंग हाताने पार फिरवून टाका आणि पुन्हा फोकस करा. असं दहा वेळा. नंतर ५० वर आणि ३५ वर, थोडं थोडं जवळ जाऊन. २४ वर दोन मीटरवरून सगळ्याच पेट्या स्पष्ट दिसतील, म्हणून तिथे दोन फुटांवर जायचं.

आता दहा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. बेचकीने कैरी पाडणारी दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकाचा खडा दर वेळी कैरीच्या वीतभर डावीकडून जातो. त्याला नुसतं सांगायचं, बाबा, थोडा उजवीकडे नेम धर. दुसऱ्याचा खडा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी कौलावर. त्याला काय सांगणार? लेन्सचंही तसंच आहे. दहाही वेळा पुढचीच पेटी स्पष्ट येत असेल तर ती जुळणीची चूक. आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर खाली, वेगळ्या ठिकाणी असतो आणि फोटो काढणारा सेन्सर मागे. दोन्हींपर्यंतचं अंतर अगदी सारखं नसलं की दर वेळी तेवढाच फरक पडतो. २००७ पासून वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत हा फरक मेनूमधून दुरुस्त करता येऊ लागला. २०१२ पासून कॅननच्या काही कॅमेऱ्यांत झूमच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे देण्याचीही सोय आली, कारण २४ वर बरोबर असलेली जुळणी ७० वर चुकू शकते. पण दहा फोटोंत कधी पुढची पेटी, कधी मागची, असं होत असेल तर कुठलाही आकडा कामाचा नाही. आधी भरपूर उजेडात पुन्हा करून पाहा. तरीही तेच, तर मात्र लेन्स आणि कॅमेरा दोन्ही दुरुस्तीला न्यावेत. नुसती लेन्स नेऊन उपयोग नाही, जुळणी दोघांची असते.

तिसरी तपासणी भिंतीची. आमच्या भागात वीटभट्ट्या बऱ्याच, त्यामुळे गिलावा न केलेली विटांची भिंत शोधायला लांब जावं लागत नाही. भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून फोटो काढा. डावीकडच्या विटा स्पष्ट आणि उजवीकडच्या धूसर दिसल्या तर कॅमेरा उलटा करून पुन्हा काढा. धूसरपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला तर आतलं भिंग कललेलं आहे. तो भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर आपण तिरके उभे होतो. हे लग्नाआधीच कळलेलं बरं. ग्रुप फोटोत वराकडची मंडळी लख्ख आणि वधूकडची धूसर, असा अल्बम दिलात तर विहिणी-विहिणींत जे होईल त्याला कुठलंच सर्व्हिस सेंटर पुरं पडणार नाही.

लांबचं पाहायला मी आसनगावला जातो. तिथून माहुलीचा डोंगर दिसतो. त्याच्या सुळक्यांना नवरा-नवरी म्हणतात. लग्नाच्या फोटोग्राफरला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं! हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असताना जायचं. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेली हवाच थरथरते आणि आपण लेन्सला बोल लावतो. सुळके एकदा चित्राच्या डाव्या कडेला ठेवायचे, एकदा उजव्या. दोन्हीकडे सारखे आले की मी निश्चिंत होतो.

आता आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरचे असे कॅमेरे आणले. त्यांत फोटो काढणारा सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे जुळणीची चूक बहुतेक संपली. कॅमेरा डोळाही ओळखतो. पण कललेलं भिंग, बुरशी आणि हलणारा हात तिथेही आहेतच. शिवाय आरशाचे जुने कॅमेरे आता स्वस्तात मिळतात आणि गावोगावची नवीन मुलं त्यांच्यावरच धंदा सुरू करतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जुनी लेन्स घेताना विकणाऱ्याने दाखवलेला एक अप्रतिम फोटो पाहून भुलू नका. दहा फोटो स्वतः काढा. एक फोटो कुठलीही लेन्स चांगला काढते. दहापैकी दहा सारखे काढते तीच लेन्स कामाची. कारण मंगलाष्टकं संपली की अंतरपाट एकदाच खाली येतो. भटजींना 'पुन्हा एकदा धरा' असं म्हणता येत नाही.

मुरबाडच्या त्या घरी मी अल्बम द्यायला गेलो तेव्हा ग्रुप फोटोचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून गेलो होतो. आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. मी माझी चूक सांगितली. आजीचा मुलगा फोटोकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या दादा, बसलेली ती आई आहे एवढं कळतं." पैसे त्याने पूर्ण दिले. फोटो त्यांनी ओटीवर लावला आहे. त्या गावात काम निघालं की मी त्या घरी जातो, चहा घेतो. फोटोच्या समोरची खुर्ची मात्र टाळतो.

आजही लग्नाच्या आदल्या रात्री मी काड्यापेट्या मांडतो. घरातले हसतात. दहा मिनिटांचं काम आहे, तुम्हीही करून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)