दोन भाग एकमेकांत बसत नाहीत तेव्हा



आपल्या भागात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, हेही आपल्या अंगवळणी पडले आहे. अशा बंदुकीचा घोडा मोडला, तर शेजाऱ्याच्या बंदुकीचा घोडा काढून तिथे बसवता येईल का? बहुधा नाही. दोन्ही बंदुका एकाच घाटाच्या दिसतात, पण भोक केसभर इकडे असते, खाच केसभर तिकडे. मग कोणी घरीच कानस घेऊन बसतो. तसे करू नका. त्यात जिवाला धोका आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना शस्त्र बनवण्याला व दुरुस्त करण्याला मनाई आहे. बंदूक परवाना असलेल्या कारागिराकडेच गेली पाहिजे. मला आज बोलायचे आहे ते वेगळे: भाग बसत का नाहीत, आणि बसले नाहीत तर दोष कोणाचा धरायचा?

जुना कारागीर प्रत्येक भाग त्याच्या जोडीदाराला पाहून घासत असे. आपल्याकडे होडी बांधणारा मेस्त्री फळी त्या होडीच्याच अंगाला बेतून बसवतो, तसेच ते काम. ती फळी दुसऱ्या होडीला चालायची नाही. यात कारागिरी मोठी, पण मोडलेला भाग बदलायला कारागीरच हवा. रणांगणावर तो कुठून आणायचा? म्हणून या प्रश्नाचे उत्तर प्रथम बंदुकीच्या कारखान्यांनीच नेटाने शोधले.

फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग एकसारखे बनवले. १७८५ साली त्याने ते थॉमस जेफर्सनपुढे मांडले. जेफर्सन तेव्हा अमेरिकेचा पॅरिसमधील वकील होता. पन्नास चापांचे भाग सुटे केलेले होते. जेफर्सनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते बिनतक्रार जुळले. पुढे अमेरिकेत एली व्हिटनीने १७९८ साली दहा हजार बंदुकांचा मक्ता घेतला, दोन वर्षांची बोली केली, आणि काम पुरे व्हायला १८०९ साल उजाडले. एकसारख्या भागांचा जनक म्हणून त्याचे नाव गाजले. पण नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या बंदुका खोलून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग आपसांत बदलता येत नव्हते! हे काम खऱ्या अर्थाने साधले ते जॉन हॉलने, १८२० नंतरच्या दशकात, हार्पर्स फेरी येथे. त्याची भिस्त यंत्रांवर होतीच, पण त्याहून अधिक गेजांवर होती.

हे गेज काय असते? भोकासाठीचे गेज म्हणजे दोन टोकांचा पोलादी दांडा. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. दोन नग तंतोतंत सारखे जगात कोणालाच करता येत नाहीत. म्हणून चूक किती चालेल, हे आधीच ठरवून टाकायचे. दहा मिलिमीटरच्या भोकाला वरच्या अंगाला एका मिलिमीटरचे पंधरा सहस्रांश सूट द्यायची, आणि पिन दहापेक्षा पाच ते चौदा सहस्रांशांनी बारीक ठेवायची. मग कोणतीही पिन कोणत्याही भोकात सरकते आणि खुळखुळतही नाही. आपल्या डोक्याचा केस याहून कितीतरी जाड असतो.

या गेजाने कारागिराची कानस काढून घेतली, हे खरे आहे. आयुष्यभर कमावलेला हात एका पोलादी दांड्यापुढे मुका झाला. पण त्याच दांड्याने कामगाराला काय दिले, ते मी अनुभवाने सांगतो.

मुंबईच्या एका कारखान्यात भोके पाडणाऱ्या एका कामगाराचे नग जोडणी खात्यात बसेनात. पिन शिरत नव्हती, फिटर घासून घासून थकले होते. वाया गेलेल्या नगांचे पैसे त्या कामगाराच्या पगारातून कापले गेले. तो शपथेवर सांगे, "माझा प्रत्येक नग गेजातून पास झालेला आहे." फोरमन म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडे!"

मंडळी, ही म्हण खरी आहे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. ते मोजून पाहिल्याशिवाय नाचणाऱ्याला बोल लावू नये.

युनियनच्या वतीने मी इतकेच मागितले, की क्रमाने मोजा. आधी नग पुसा; कचरा किंवा भोकाच्या कडेची कणी अडत नाही ना, ते पाहा. मग पिन मोजा. पिना बरोबर निघाल्या. मग भोके मोजा. ती लहान निघाली. तरी गेज त्यांत सहज जात होते! तेव्हा शेवटी गेजच मोजले. हजारो वेळा भोकांत घासून त्याचे 'जाणारे' टोक झिजले होते. बारीक झालेले गेज बारीक भोकालाही पास करत होते. कामगार खरे बोलत होता; खोटे बोलत होते ते गेज.

कापलेले पैसे परत मिळाले. ठरावीक मुदतीने प्रत्येक गेज मूळ गेजाशी ताडून पाहायचे, असेही ठरले. पण पुढचीही गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच ढिगात काही नगांची भोके तिरकी होती, आणि तो दोष आमच्या माणसाच्या हाताचा होता. मी तो सर्वांसमक्ष कबूल केला. काही सोबती रागावले. पण माप आपल्या बाजूने बोलते तेवढेच ऐकायचे, ही युनियन नव्हे, वकिली झाली.

तेव्हा दोन भाग एकमेकांत बसत नसतील, तर ठोकू नका, घासू नका, आणि दुबळ्या भागाला एकदम दोषी ठरवू नका. दोन्ही मोजा. आणि ज्याने मोजता, तेही मोजा. कारखान्यात हे केले की यंत्र चालते. मालक-मजुरांत आणि घराघरांत केले, तर पुष्कळ भांडणे मिटतील, असा माझा अनुभव आहे.