कौन्सिल हॉलमधली सुनावणी



पुणे स्टेशनजवळचा कौन्सिल हॉल तुमच्यापैकी अनेकांनी रिक्षातून जाता-येता पाहिला असेल. मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ पावसाळ्यात तिथं भरायचं. आता ते आवार विभागीय आयुक्तांचं. आणि त्याच हॉलमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं वीजदराच्या सुनावण्या घेतल्या आहेत. म्हणजे वास्तू कायदेमंडळाची, आवार सरकारचं आणि समोर न्यायाधीशांसारखे बसलेले सदस्य!

आयोगाचा कारभारही असाच सरमिसळीचा. विनियम तोच करतो, परवाने तोच देतो, तंटेही तोच मिटवतो. सत्ता वेगवेगळ्या हातांत ठेवा म्हणणाऱ्या माँटेस्क्यूनं कपाळावर हात मारला असता.

पण आयोग नव्हता तेव्हाचा दाभोळ वीजप्रकल्प आठवा. एन्रॉनचा वीजखरेदी करार १९९३ साली बंद दाराआड झाला आणि वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेनं त्यातले आकडे उलगडून दाखवले, पण ते ऐकून घेणारं अधिकृत दारच नव्हतं. आयोग १९९९ साली आला. २००६ मध्ये पुण्यातल्या कारखानदारांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळायची योजना आणली. तिचा जादा खर्च कुणी सोसायचा, हे उघड सुनावणीत ठरलं: महिना ३०० युनिटांच्या आतल्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळलं.

असा आयोग सरकारपासून किती स्वतंत्र असावा? अमेरिकेत अध्यक्षांनी आयुक्ताला काढावं की नाही, हा वाद १९३५ च्या हम्फ्री खटल्यापासून चालू आहे. आपल्या २००३ च्या विद्युत कायद्यात सरकारला सदस्य मनाला येईल तसा काढता येत नाही, आधी अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांची चौकशी लागते. शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यायची तर सरकारनं अनुदान आगाऊ मोजायचं, असंही कलम आहे. खुर्चीवर मात्र बरेचदा निवृत्त सनदी अधिकारीच येतात, ही माझी जुनी तक्रार.

तरी मला भरवसा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एका सुनावणीत एक आजोबा उठले. पिशवीतून वर्षभराची बिलं काढली आणि वीजगळतीच्या टक्क्यावर दहा मिनिटं बोलले. महावितरणचे अधिकारी मान खाली घालून टिपणं घेत होते. काही महिन्यांनी आदेश आला. त्यात आजोबांची हरकत होती आणि खाली आयोगाचं सकारण उत्तर: अमान्य. आजोबांनी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि अपिलाची मुदत किती, ते विचारायला वकिलाकडे गेले.