सूर्यास्त कुठून बघायचा, किती वाजता?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. सूर्य क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला मुंबईत साधारण सव्वादोन मिनिटं लागतात, तेव्हा पाच पुष्कळ झाली!

समोर टॉवर झाला तेव्हा आपण सगळेच म्हणालो, "गच्चीवरचा सूर्यास्त गेला." पण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. डिसेंबरात तो पश्चिमेच्या डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकतो. जूनमध्ये तेवढाच उजवीकडे. टॉवर नेमका पश्चिमेला आहे. म्हणून मार्च आणि सप्टेंबरात तो सूर्याला झाकतो. नोव्हेंबर ते जानेवारी डाव्या कठड्यापाशी उभं राहा, मे महिन्यात उजव्या. सूर्य दिसतो.

आता वेळ. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण मुंबईत सर्वात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, सहाच्या सुमारास. सर्वात उशिरा जुलैच्या सुरुवातीला, सातवीसला. पण तेव्हा ढगच फार. ऑक्टोबरात पावसाने हवा धुतलेली असते, तेव्हाचे रंग बघावेत. आणि सूर्य बुडाला की लगेच उठू नका, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांतच आभाळ रंगतं.

बाहेर जायचं तर जागा निवडून जा. गिरगाव चौपाटीवर सूर्य मलबार हिलमागे जातो. समुद्रात बुडताना बघायचा तर हिवाळ्यात मरीन ड्राइव्ह, उन्हाळ्यात त्याचं नरिमन पॉइंटकडचं टोक. आपल्याला सोयीचं जुहू. तिथे बाराही महिने समोर मोकळा समुद्र.

जुहूला जाताना कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते, हा कोळीवाड्यातला जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताला भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी, आणि संध्याकाळी ओहोटी. तेव्हा ओली, घट्ट वाळू मिळते. काठी घेऊन चालणाऱ्यांना तीच बरी. पौर्णिमेला मागे वळलात तर पूर्वेला चंद्रही उगवत असतो. पावसाळ्यात मात्र भरतीच्या वेळी पाण्याजवळ जायचं नाही, मुलांनो.

शेवटी कमिटीला एक विनंती. गच्चीचं दार सातला बंद होतं. मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो, म्हणजे उजव्या कठड्याचा सूर्यास्त कुलपाआडच राहतो. आपल्याकडे असे ज्येष्ठ सभासद आहेत, की ज्यांना जुहू आता लांब पडतं. लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत आणि पुढे आठ पायऱ्या, एवढं त्यांना कुणाचा हात धरून जमेल. मे महिन्यापुरतं दार पावणेआठपर्यंत उघडं ठेवा आणि हॉलमधल्या चार खुर्च्या वर न्या. खुर्च्या खाली आणून कुलूप लावायची जबाबदारी माझी.